सहाशे चाळीस मीटरवरचा श्वास

१

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी ‘आम्हाला माहीतच होतं’ म्हणायला नको. लग्नाला अकरा वर्षं झाली. त्यात मी नवऱ्यावर चार बायकांवरून संशय घेतला आणि चारही वेळा तोंडघशी पडले. चौथी बाई अडुसष्ट वर्षांची होती आणि तिच्या तोंडात तेव्हा एकही दात नव्हता. ती कवळीचं माप द्यायला आली होती. नवऱ्याने तिला बसायला खुर्ची दिली आणि आपल्या हाताने चहा केला, एवढंच निमित्त. मला तो कधी आपणहून चहा करून देत नाही.

नवरा कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात आणि हा घराच्या मागच्या खोलीत बसून प्लास्टर ओततो, मेण तासतो, दात बसवतो. मी त्याला ‘दातवाला’ म्हणते. तो मला ‘लेझरबाई’ म्हणतो.

कारण माझं काम हवेचं. शहराच्या हवा तपासणी केंद्रात सहाव्या मजल्याच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली आहे, तिच्यात आमचं लेझर यंत्र आहे. सकाळी नऊला मी झडप उघडते, काच पुसते आणि किरण सोडते. तो डोळ्यांना दिसत नाही. घरांच्या छपरांवरून सरळ रंगाच्या कारखान्याच्या चिमणीकडे जातो. वाटेतल्या धुळीवर आपटून थोडा उजेड माघारी येतो, तो आमची दुर्बीण टिपते. किती वेळाने आला त्यावरून किती लांबून आला ते कळतं. किरणात दोन रंग असतात. एक रंग वायू गिळतो, दुसरा तसाच परत येतो. दोघांतला फरक म्हणजे तिथला वायू. कारखानदाराने सुट्टीच्या दिवशी गुपचूप भट्टी पेटवली तरी मला बसल्या जागी कळतं.

चिमणीच्या वाटेवर आमचं घर आहे. मागच्या खोलीची खिडकी बरोब्बर सहाशे चाळीस मीटरवर. प्लास्टरची धूळ आणि रसायनाचा वास जावा म्हणून त्या खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवलाय. पंख्यातून खोलीतली हवा बाहेर पडते आणि तिच्याबरोबर नवऱ्याचा उच्छ्वासही. माझ्या पडद्यावर सहाशे चाळीसपाशी रेघ जराशी वर उचलली जायची. दहाला तो कामाला बसला की उंचवटा वाढायचा, जेवायला उठला की उतरायचा. माणूस एक, उंचवटा एक. सहा वर्षं मी तो रोज बघत होते. पाळत ठेवत होते म्हणा हवं तर. पण खरं सांगते, तो उंचवटा दिसला की मला बरं वाटायचं.

२

यंत्र दुरुस्तीला जाऊन आलं, त्यानंतरच्या आठवड्यातली ही गोष्ट. सकाळी साडेअकराला मी चिमणीचे आकडे उतरवत होते. सहज सहाशे चाळीसकडे नजर गेली आणि हातातलं पेन थांबलं. उंचवटा दुप्पट होता.

बंद खोलीत एक माणूस बसला की हवेत किती कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि दोन बसले की किती, हे मला पाठ आहे. ही दोन माणसं होती. मी फोन केला.

“काय करतोयस?”

“दात बसवतोय. वरचा संच. का गं?”

“कोणी आलंय का?”

“कोण येणार? कोणी नाही.”

मागे कुठे बांगडी वाजतेय का, कोणी हसू दाबतंय का, म्हणून मी कान देऊन ऐकलं. फक्त पंखा घरघरत होता.

“बरं,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. पडद्यावर दोघं शांतपणे श्वास घेत होते. संध्याकाळी पाचला मी झडप लावली तेव्हाही दोघंच होते, आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता पुन्हा दोघं.

तीन दिवस माझं दुसऱ्या कशात लक्ष लागलं नाही. कोण असेल? नवी बाई असणार. जुन्या चौघींची मी मनातल्या मनात माफी मागून टाकली.

३

चौथ्या दिवशी मी डाव टाकला. घरून निघताना चष्मा मुद्दाम टेबलावर ठेवला आणि बाराला फोन केला.

“माझा चष्मा राहिलाय. आणून देतोस? डोकं दुखायला लागलंय. आणि पंखा चालू राहू दे, नाहीतर घरभर वास राहतो.”

तो आला. सहा मजले चढून दम लागला होता, केसांत प्लास्टरची पांढरी भुकटी होती. मी त्याला माझ्या शेजारी बसवलं, डब्यातलं अर्धं त्याला दिलं आणि एक डोळा पडद्यावर ठेवला. तो घरून निघाल्यापासून रेघ उतरत होती. त्याचा श्वास खोलीतून हळूहळू निघून चालला होता. दोनाची दीड झाली, दीडाची एक.

आणि एकावर ती थांबली.

पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. नवरा माझ्या शेजारी बसून खात होता, घराला मी स्वतः आणलेली दोन कुलपं लावलेली होती आणि सहाशे चाळीस मीटरवर एक माणूस संथपणे बसून होतं. श्वासाला घाई नव्हती. कोणाची तरी वाट बघत बसावं, तसं.

“एवढं काय बघतेस?” त्याने विचारलं.

“चिमणी.”

“चिमणी तिकडे आहे की,” तो म्हणाला आणि त्याने बोटाने बरोबर चिमणी दाखवली. मला त्याच्या त्या साळसूदपणाचा असा राग आला की डब्याचं झाकण बसवताना माझं बोट चिमटलं.

४

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्याच्याबरोबरच घरी आले. वाटेत त्याला पुढे जाऊ दिलं नाही. कुलपं मीच काढली.

मागच्या खोलीत कोणी नव्हतं. टेबलावर कवळ्यांची रांग, मेणाचे तुकडे, लहानसं घासयंत्र. टेबल खिडकीला लागून आहे, म्हणजे काम करताना त्याची पाठ दाराकडे असते. दाराजवळ साच्यांचं लाकडी कपाट आणि कपाटापुढे हातभर जागा सोडून एक जुनी खुर्ची. मी कपाट उघडलं. त्यात शंभरेक अनोळखी लोकांचे जबडे होते. टेबलाखाली वाकले, पडद्यामागे बघितलं, माळ्यावर काठी फिरवली.

“उंदीर आहे का?” त्याने विचारलं.

“असेल.”

पण खोलीत शिरताक्षणी मला जे जाणवलं ते काठीने शोधून सापडणारं नव्हतं. दीड तास बंद असलेल्या रिकाम्या खोलीची हवा थंड आणि शिळी असते. इथली हवा उबदार होती. कोणीतरी नुकतंच बोलून थांबावं, तशी. मी खुर्चीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. मग स्वतःला समजावलं, की खिडकीतून ऊन येत असेल. पण त्या खिडकीत ऊन सकाळीच येतं.

“ही खुर्ची इथे कशाला?”

“प्लास्टर सुकेपर्यंत बसायला,” तो म्हणाला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. अकरा वर्षांत एवढं मला कळतं, की खोटं बोलताना हा माणूस हात धुवायला जातो. तो हात धुवायला गेला.

५

आमच्या केंद्रात यंत्र सांभाळणारे अप्पा आहेत. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, हातात स्क्रू-ड्रायव्हर नसेल तर त्यांना अंगात कपडे नसल्यासारखं वाटतं. त्यांना मी खरं काय ते सांगितलं नाही. सहाशे चाळीसपाशी काहीतरी गडबड दिसते, एवढंच म्हटलं.

“कधीपासून?”

“दुरुस्तीनंतर.”

“मग कोरी नोंद बदलली ना मी! त्याचाच फरक असणार.”

कोरी नोंद म्हणजे यंत्राचं शून्य. काचेवरचा डाग, दुर्बिणीचा दोष, यंत्राच्या अशा खोडी प्रत्येक मापात मिसळतात. म्हणून हवा स्वच्छ असताना एकदा माप घ्यायचं आणि ते रोजच्या मापातून वजा करत राहायचं. जुनी कोरी नोंद मी घेतली होती, सहा वर्षांपूर्वी. कारखाना बंद होता, रस्ते रिकामे होते, सुट्टीची सकाळ होती. नवी नोंद अप्पांनी घेतली, तीही यंत्राचं तोंड पलीकडच्या तलावाकडे वळवून. तिकडे घरंच नाहीत.

“तुमच्या जुन्या नोंदीत सहाशे चाळीसला काही होतं का बघा,” अप्पा म्हणाले. “त्या दिवशी तिथे जे असेल ते तुम्ही सहा वर्षं वजा करत आलात. असूनही दिसलं नसेल.”

मी जुनी नोंद उघडली. सगळी रेघ सपाट होती आणि सहाशे चाळीसपाशी एक उंचवटा होता. एका माणसाएवढा.

मला ती सकाळ चांगली आठवते. एकटीला कंटाळा येईल म्हणून नवरा माझ्याबरोबर गच्चीवर आला होता. चहाचा थर्मास त्यानेच धरला होता. आम्ही दोघंही इथे होतो आणि घराला कुलूप होतं. मागच्या खोलीतला पंखा मात्र तो बंद करायला विसरला होता. त्यावरून मी त्याला घरी गेल्यावर बोललेही होते.

मी वजाबाकी काढून टाकली आणि सहा वर्षांची कच्ची मापं एकामागून एक उघडली. जिथे मी रोज एकटा नवरा बघत होते, तिथे दोघं होते. सहा वर्षं, रोज. तो बाहेर गेला की एक उरायचा आणि मी तोही पुसून शून्य करायचे. जिला शोधायला मी घर उलटंपालटं केलं, तिला मीच माझ्या हाताने झाकून ठेवलं होतं.

“सापडली का चूक?” अप्पांनी विचारलं.

“सापडली,” मी म्हटलं.

६

सगळ्या शंका मी रांगेने उभ्या केल्या आणि एकेक बाद केली. प्लास्टरमधून हा वायू निघत नाही. खोलीत शेगडी नाही. शेजारची भिंत दगडी आहे. कबुतरं धरली तर चाळीसेक लागतील.

मग घरी जाऊन मी सरळ विचारलं. तो एका दाताला कानस लावत होता.

“या खोलीत कोण असतं?”

‘कोणी नाही’ म्हणेल, मग मी ओरडेन, मग तो हात धुवायला जाईल, असं मी धरून चालले होते. त्याने दातावरची भुकटी फुंकरली आणि दात खाली ठेवला.

“तुला कसं कळलं?”

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

“बाई आहे का?” सांगायला लाज वाटते, पण पहिला प्रश्न हाच तोंडातून निघाला.

“मला काय माहीत? मी कधी मागे वळून बघितलं नाही.”

“कधीपासून?”

“या घरात आलो तेव्हापासून. नऊ वर्षं होतील. खुर्ची कुरकुरते. मी बोलायला लागलो की थांबते.”

“तू बोलतोस?”

“दिवसभर एकट्याने काय करायचं? बोलतो.”

“काय बोलतोस?”

“असंच,” तो म्हणाला.

त्या ‘असंच’ने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी मी घरी आल्यावर हा माणूस ‘भात वाढ’ आणि ‘दिवा घालव’ याच्यापलीकडे चार वाक्यं बोलत नाही. थकलेला असतो, असं मी समजत होते. दिवसभरात बोलून रिकामा होत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

“आपण दुसरीकडे खोली घेऊ,” मी म्हटलं. “ही बंद करून टाकू.”

“नाही,” तो म्हणाला. अकरा वर्षांत त्याने मला पहिल्यांदा नाही म्हटलं, तेही आवाज न चढवता. मग कानस उचलून तो पुन्हा कामाला लागला. खोलीत घाबरण्यासारखं काहीतरी आहे हे मला कळत होतं. पण मला भीती वाटत नव्हती. तिला याच्यातलं किती मिळालंय आणि मला किती, याचाच हिशेब मनात चालला होता.

७

मी पंधरा दिवसांची रजा घेतली. घरी सांगितलं नाही. अप्पांना मात्र सांगून ठेवलं, की सहाशे चाळीसला माझं घर आहे, तिथे किती माणसांचा श्वास दिसतो ते विचारीन तेव्हा कळवा. रोज साडेआठला डबा घेऊन पुढच्या दाराने बाहेर पडायची, घराला वळसा घालायची आणि मागच्या जिन्याच्या पायरीवर थांबायची. दहाला आत घासयंत्र सुरू झालं की त्या आवाजात मागचं दार लोटून खोलीत यायची आणि खुर्चीत बसायची. जागा माझी होती. ती मी परत घेणार होते.

पहिल्या दिवशी खुर्ची उबदार होती. मी दात आवळून बसले आणि अप्पांना निरोप पाठवला, ‘सहाशे चाळीसला किती?’

‘दोन,’ अप्पांचं उत्तर आलं.

दोन! तो आणि मी. म्हणजे ती गेली होती. मला एवढा आनंद झाला की ओठ दाबून धरावे लागले.

घासयंत्र थांबलं. मी जरा हलले, खुर्ची कुरकुरली. त्याने वळून बघितलं नाही. काम करता करता तो बोलायला लागला. असा आवाज मी लग्नानंतर पहिल्या वर्षी ऐकला होता. एका डॉक्टरची त्याने नक्कल केली, आणि मला हसू आवरेना. मग म्हणाला, की डावा हात वर्षभर थरथरतोय. बारीक दात आता नीट बसत नाहीत, दोन संच परत आले. हे काम सुटलं तर आपल्याला दुसरं काही येत नाही.

“तिला नाही सांगितलं,” तो म्हणाला. “ती लगेच डॉक्टर शोधेल, रागावेल, मग रडेल. तुझं बरं आहे. तू नुसती ऐकतेस.”

उठून त्याचा तो हात हातात घ्यावा असं मला फार वाटलं. पण उठले असते तर मी बायको झाले असते आणि तो गप्प झाला असता. म्हणून मी नुसती ऐकत राहिले. संध्याकाळी पुढच्या दाराने घरी आले तेव्हा तो म्हणाला, “भात वाढ.” मी भात वाढला. त्याच्या डाव्या हाताकडे बघायचं टाळलं.

असे आठ दिवस गेले. खोटं कशाला बोलू, त्या आठ दिवसांत मी सुखी होते. मी माझ्याच नवऱ्याची चोरून ठेवलेली बाई झाले होते आणि संध्याकाळी घरी येणाऱ्या त्या मूर्ख लेझरबाईची मला थोडी कीवही यायला लागली होती.

८

नवव्या दिवशी अकराच्या सुमाराला खोलीत चांगलं ऊन होतं. घासयंत्र चालू होतं. मांडीवर फोन थरथरला. अप्पांचा निरोप होता.

‘आज तीन. घरी पाहुणे आलेत का?’

मी तो दोनदा वाचला. कपाट आणि खुर्ची यांच्यामध्ये हातभर जागा आहे. त्या जागेतून उबदार हवेची एक झुळूक माझ्या डोक्याच्या मधोमध आली, थांबली, पुन्हा आली. मी माझा श्वास रोखून धरला. ती येतच राहिली.

नवऱ्याने घासयंत्र बंद केलं.

“ती हल्ली रोज येऊन बसते,” तो हळू आवाजात म्हणाला. “मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तुझ्यासारखं गप्प बसता येत नाही तिला. पण बसू दे. तुला आठवडाभर बाहेर राहावं लागलं, रागावू नकोस.”

त्याने टेबलावरून एक लांब दांड्याचा, नाण्याएवढा आरसा उचलला. कवळीची आतली बाजू बघायला ते लोक वापरतात तसा. डाव्या हाताने तो त्याने खांद्यावर धरला. मान वळवली नाही. नऊ वर्षांत मागे वळून बघितलं नाही असं तो म्हणाला होता, ते खोटं नव्हतं.

हात थरथरत होता. त्या थरथरीत आरसा एक क्षण वर झुकला आणि माझ्या डोक्यामागचं एक बोटभर मला दिसलं. तिथे कपाटाची कडी असायला हवी होती. कडी नव्हती. मातकट रंगाचं, कापडासारखं काहीतरी होतं, अगदी जवळ, आणि ते हळूहळू फुगत होतं आणि बसत होतं.

मग हात स्थिरावला आणि आरशात त्याचा डोळा आला. डोळा हसत होता. ते हसणं मला ओळखीचं होतं. चाळीस माणसांच्या जेवणात, पहिल्या वर्षी, तो मला तसं शोधायचा. मी किती वर्षं त्या हसण्याची वाट बघितली होती. आत्ता तो माझ्या केसांच्या जरा वर बघत होता.

भीती त्यानंतर वाटली. आधी डोळे भरून आले, रागाने.

“माझ्याकडे बघ,” मी म्हटलं.

“तुझ्याकडेच तर बघतोय,” तो लाडाने म्हणाला.

आरशातली त्याची नजर खाली आली नाही.